1857 ची कंपनी सरकारची बंदूक म्हणून गळ्यात मारलेला नवा पाइप

85,500 रुपये गेले. इसार 20,000, माल देताना 62,000 आणि पॅकिंग-वाहतुकीचे वर 3,500. सांगितलं होतं, ठासणीची एनफिल्ड, 1853 चा पॅटर्न, लॉकवर, म्हणजे घोडा बसवलेल्या बाजूच्या यंत्रावर, मुकुट आणि 1857. आला तो नवा पाइप, नवं लाकूड आणि आम्लाने चढवलेला गंज.

विकणारा माणूस म्हणाला, "घोडा कडक आहे, नळी मोकळी आहे, टोपी लावली तर आजही वाजेल." टोपी म्हणजे घोडा आदळला की ठिणगी देणारी छोटी स्फोटक वाटी. आणि लगेच पुढे, "अँटिक आहे, परवान्याची भानगड नाही." सौदा तिथेच मोडायला हवा होता! शस्त्र कायदा 1959 चं कलम 45 सूट देतं ती दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा जुन्या हत्याराला. वाजणारी बंदूक बिनपरवाना विकणारा एकतर खोटं बोलतो, नाहीतर तुम्हाला गुन्ह्यात ओढतो. तिसरं काही नसतं. फोटो मात्र असे घेतले होते की चांगला जाणकारही गप्प बसला असता: लॉक नेमकं उजेडात, नळीचा मागचा भाग प्रत्येक वेळी सावलीत. मागचा भाग दिसत नसेल तर इसार देऊ नका.

लॉकवर हृदयाच्या आकाराचा शिक्काही होता. कंपनीने तो 1808 च्या सुमारास सोडला आणि त्याजागी मागच्या पायांवर उभा सिंह आणला. हृदय आणि 1857 एकाच लॉकवर असूच शकत नाहीत. नकली माल बनवणारे तो मारतात, कारण गिऱ्हाइकाच्या ओळखीचा तेवढाच असतो.

उघडल्यावर बाकीचं दिसलं. नळीच्या मागच्या टोकाला आट्यांनी बसवलेल्या बुचाची रेघच नाही, तिथे वेल्डिंग घासून सपाट केलेलं. निपल, म्हणजे टोपी बसते ते बोंड, त्याचं भोक आतपर्यंत गेलेलं नाही. लॉकच्या स्क्रूवर बाजारातला एम-6 नट सरळ चढला. त्या काळच्या इंग्लिश लॉकवर मेट्रिक आटे येतील कुठून? घोडा अर्धवट ओढून सुरक्षित अडकवायचा अर्धा टप्पा नाही, मुख्य स्प्रिंगला पाणी दिलेलं नाही, म्हणून चार वेळा ओढल्यावर ती वाकूनच राहिली. शिक्क्यांच्या कडा गोल, म्हणजे ठोकलेले नाहीत, ओतकामातच आलेले. नळीवरच्या कड्या सरकवल्या तर खालीही तोच नारिंगी गंज. खरी नळी कड्यांखाली वेगळ्या रंगाची निघते. लॉकच्या खाचेतलं लाकूड पांढरं, रंग फक्त वरून. नळी आतून गुळगुळीत होती, पण एवढ्यावरून नकली म्हणू नका: 1857 नंतर हिंदी शिपायांना मुद्दाम बिनखाचांच्या नळ्या दिल्या गेल्या.

बंदूक बघायला जाताना गज, म्हणजे लांब सळई, सोबत न्याच. नळीत सोडून खोली मोजा आणि बाहेरून निपलच्या जागेशी ताडून पाहा. गज बोटभर आधीच अडला तर आत बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, असू शकतो. कोरडी काळी दारू कितीही जुनी असो, पेटते. ती काढायचं काम जाणत्याकडेच द्या, घोड्याला हात लावू नका.

आता पोलीस ठाणं. पहिला प्रश्न, "चालू असेल तर तुमचा परवाना कुठे?" बंद आहे म्हटलं तर, "मग फसवणूक कसली, शोभेची वस्तू घेतलीत." एका टेबलावर हा दिवाणी मामला, दुसऱ्यावर "रोख दिलेत ना, मग सायबरकडे कशाला आलात?" शस्त्र शाखेने तक्रार वाचायच्या आधी माझंच ओळखपत्र मागितलं. 1857 सांगून नवा पाइप विकणं ही भारतीय न्याय संहितेच्या 318(4) खालची फसवणूक आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. हे त्यांना मी सांगायचं? आणि सांगितलं तरी उत्तर एकच, साहेब बंदोबस्तात आहेत. ज्याचे पैसे गेले तोच आरोपीसारखा बाकावर बसून राहतो आणि तो माणूस नव्या नंबरावरून पुढची "एनफिल्ड" विकतो.

रोख देऊ नका. पावतीवर "मूळ, 1857" असे शब्द विक्रेत्याच्या हाताने लिहून घ्या. नुसतं "जुनी बंदूक" लिहिलं असेल तर हातात काही उरत नाही. फसवणूक कळल्यावर घासूनपुसून साफ करू नका, तो आम्लाचा गंजच पुरावा आहे. ठाण्यात गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) प्रमाणे तक्रार लेखी, टपालाने, पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, आणि तिथेही हलली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. माझा अर्ज टपालात पडला आहे, सोबत वेल्डिंगचे आणि एम-6 नटाचे फोटो जोडले आहेत.