फॅमिली पोस्टपेड प्लॅन: काही महिने वापरल्यावरचा हिशेब

घरातले चारही नंबर एकाच फॅमिली प्लॅनवर घेऊन आता बरेच महिने झाले. नेटवर्कबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही, कंपनी आधीचीच आहे. मला बोलायचंय ते पैशांबद्दल.

जाहिरातीत 'माणशी फक्त इतके' हा आकडा ठळक असतो. तो खोटा नसतो, पण निर्णय घ्यायला कुचकामी. मुख्य नंबरचं भाडं १०० धरा आणि प्रत्येक ॲड-ऑनचं, म्हणजे त्याला जोडलेल्या नंबरचं, ४०. चौघांचे २२०, म्हणजे माणशी ५५. पण चौथा नंबर घ्यायचा का, हे ठरवताना त्या ५५चा काय संबंध? त्या नंबरपायी बिल ४०ने वाढतं. मग बघायचं एवढंच की तोच नंबर प्रीपेडवर किती खायचा.

सासूबाईंचा फोन म्हणजे आलेले कॉल घेणं आणि चार फोटो बघणं. त्यांचं २८ दिवसांचं रिचार्ज याच मापाने २५चं. वर्षाला अशी १२ नाही, १३ रिचार्ज लागतात. म्हणजे ३२५, महिन्याला साधारण २७. त्यांचा नंबर परत प्रीपेडवर नेला. गंमत अशी की माणशी आकडा ५५वरून ६० झाला आणि घरचा एकूण खर्च मात्र २२०वरून २०७वर आला! (कर यात धरलेला नाही. प्लॅनच्या भाड्यावर तो वेगळा लागतो, तेव्हा तुलना करताना दोन्हीकडे धरा.)

पहिलं बिल बघून घाबरू नका. आमच्या कंपनीत भाडं आगाऊ घेतात. बिलाची तारीख १ आणि प्लॅन सुरू झाला १३ला, तर ३० दिवसांच्या महिन्यातले उरलेले १८ दिवस आणि वर पुढचा अख्खा महिना. १००चं भाडं थेट १६० दिसतं. दुसऱ्या बिलापासून गाडी रुळावर येते, म्हणून सरासरी काढताना पहिलं बिल बाजूला ठेवावं.

डेटा सगळ्यांचा एकत्र असतो आणि खरी भांडणं तिथेच. ५ एमबीपीएसने व्हिडिओ चालला तर तासाला सव्वादोन जीबी जातो. मुलीने हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावला की महिना संपायच्या आत सगळ्यांचा स्पीड बसतो. आणि मग जादा डेटा पॅक! हे पॅक 'भाडे' या ओळीत दिसत नाहीत, 'वापर शुल्क'मध्ये जातात. खर्च काढायचा तर बिलाची बेरीजच धरा, प्लॅनचा दर नको. प्रत्येक नंबरला डेटाची मर्यादा घालता येते. ती घातल्यापासून पॅक लागलेला नाही, फक्त मुलीचा अबोला आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो ॲपसाठी: कोणी किती डेटा संपवला हे बघायला प्रत्येक नंबरने वेगळं लॉगिन करावं लागतं, आणि ओटीपी त्या-त्या फोनवर येतो.