रेम्ब्रांटची मायलेकरे : दोन छापील प्रती, एक घेण्याजोगी

पुण्यातल्या एका मुद्रणालयाने काढलेल्या या संचात डच चित्रकार रेम्ब्रांटची दोन शाईरेखाटने आहेत. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयातले पहिले, बाळाला घेऊन जिना उतरणाऱ्या बाईचे, १६३६च्या सुमाराचे आहे, तर ब्रिटिश म्युझियममधले दुसरे, चालायला शिकणाऱ्या मुलाचे, साधारण १६५६चे मानले जाते. दोन्हींची किंमत सारखीच आहे, दर्जा मात्र मुळीच सारखा नाही.

जिन्याच्या चित्राची प्रत उत्तम साधली आहे. आकार मुळाइतकाच, सुमारे १९ सेंटीमीटर उंचीचा, ठेवल्यामुळे टाकाचा दाब जिथे वाढला आणि जिथे सुटला ते बारकावे शाबूत राहिले आहेत. आईचा चेहरा बाळाच्या चेहऱ्याला भिडतो तिथे रेघ हलकी होते आणि खाली झग्याच्या घोळावर तीच रेघ अशी झपाट्याने फिरते, की पाऊल पुढच्या पायरीवर पडतच आहे असे वाटावे. कुंचल्याने दिलेला पातळ तपकिरी शाईचा हातही छपाईत गढूळ झालेला नाही.

दुसऱ्या प्रतीबद्दल मात्र तक्रार आहे. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी ज्याला आजवरचे सर्वश्रेष्ठ रेखाटन म्हटले, ते मुळात जेमतेम पोस्टकार्डाएवढे आहे. इथे ते ए-३ आकाराला फुगवले आहे आणि वर तपकिरी शाई काळीकुट्ट केली आहे. आई मुलाचा हात घट्ट धरते, थोरली बहीण मात्र जरा बिचकत, हा फरक खांद्यापासून निघालेल्या मोजक्या रेघांतच आहे, आणि मुलाची धास्ती तर चेहऱ्यावरच्या दोन-तीन पुसट खुणांत. त्या खुणांचे इथे डाग झाले आहेत. समोर हात पसरून उकिडवा बसलेला बाप तेवढा बऱ्यापैकी टिकला, कारण त्याच्या रेघा मुळातच ठसठशीत आहेत. (१६५६ मध्ये रेम्ब्रांटचे दिवाळे निघाले, तेव्हा त्याची मुलगी कॉर्नेलिया दोनेक वर्षांची होती, चित्रातले मूल तीच, असे मात्र म्हणता येणार नाही.)

कागद जाड, खरखरीत आणि चांगला आहे. प्रती सुट्याही मिळतात, त्यामुळे जिन्याचे चित्र जरूर घ्यावे. दुसरे हवेच असेल तर म्युझियमच्या संकेतस्थळावरची प्रतिमा घेऊन घरच्यापुरती मूळ आकारात, मूळ रंगात छापून घ्यावी.