ड्रोन सापडतो, पण किती वाजता? अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मंगळवारी संध्याकाळी 7 वाजून 10 मिनिटांनी एक ड्रोन आमच्या डिझेल टाक्यांवर येऊन थांबला. भिंतीच्या बाहेर असतानाच आमच्या ड्रोन शोधणाऱ्या यंत्राने तो हेरला होता. उडवणारा कॅनॉलच्या रस्त्यावर उभा आहे हेही नकाशावर दिसलं. आमची दोन माणसं मोटारसायकलवर गेली आणि तो रिमोटसकट सापडला. शेजारच्या एनए प्लॉटची रील काढत होतो म्हणाला. इथपर्यंत सगळं चोख. चौकीत मी यंत्राचा छापील रिपोर्ट पुढे ठेवला, तर हवालदारांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "साहेब, यात दुपारची एक चाळीस लिहिलीय. तुमचे वॉचमन म्हणतात दिवेलागणीची वेळ. मी काय धरू?"

दोन्ही खरं. स्क्रीनवर भारतीय वेळ दिसते, पण छापायला दिलं की कागदावर ग्रिनिचची वेळ येते, म्हणजे साडेपाच तास मागची. हे समजावण्यात पाऊण तास गेला. समोरचा माणूस तेवढ्या वेळात "मी दुपारी तिथे नव्हतोच" म्हणायला शिकला.

म्हणून हे लिहितोय. साइटचं नाव नोकरीमुळे देत नाही आणि यंत्राचं नाव तक्रार चालू आहे म्हणून. नाशिक शहराबाहेर 45 एकर, 1.8 किलोमीटर भिंत, एका बाजूला मका आणि द्राक्षबागा, दुसऱ्या बाजूला ओळीने लॉन्स. यंत्र रेडिओ लहरी ऐकणारं आहे. स्वतः काही सोडत नाही, नुसतं ऐकतं. दोन खांबांवर दोन सेन्सर. पैसे विचाराल तर दोन बोलेरो आल्या असत्या.

रडार का नाही, हा प्रश्न पहिला येतो. आम्ही डेमो घेतला होता, ऐन डिसेंबरात. नांदूर मध्यमेश्वरला पाहुणे पक्षी आलेले, इकडे घारी, संध्याकाळी वटवाघळं. लहान ड्रोन रडारला साधारण पक्ष्याएवढाच दिसतो. पंख्याच्या फिरण्यावरून फरक ओळखतात म्हणे, आणि चांगली रडारं ओळखतही असतील, पण आमच्या बजेटातल्या रडारने दोन दिवसांत वॉचमनला वेड लावलं. ऐकणाऱ्या यंत्राला घार दिसतच नाही. जानेवारीत संक्रांतीला आकाश पतंगांनी भरलं होतं, एकदाही अलार्म वाजला नाही. दुसऱ्या दिवशी एका खांबाला गुंडाळलेला नायलॉन मांजा सोडवावा लागला, तेवढंच.

खरी करामत उडवणाऱ्याचा ठिपका. बाजारातले बरेच ड्रोन उडताना आपला सिरीयल नंबर, आपली जागा आणि रिमोट धरलेल्या माणसाची जागा हवेत सोडत असतात. यंत्राच्या लायब्ररीत, म्हणजे त्यात साठवलेल्या मॉडेलांच्या यादीत, ते मॉडेल असेल तर सगळं वाचलं जातं. लग्नसराईत हे सोन्यासारखं उपयोगी पडलं. गोरज मुहूर्ताला नवरीची एंट्री, वरून शूटिंग, आणि वारा आमच्या बाजूचा असला की ड्रोन भिंत ओलांडतोच. एप्रिलच्या एका रविवारी पाच अलार्म झाले. पहिल्या महिन्यात आम्ही भिंतीच्या कडेने बॅटऱ्या घेऊन आकाशात बघत धावायचो. आता आमचा पोरगा सरळ लॉन्सच्या स्टेजमागे जातो, कॅमेरावाल्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "दादा, भिंतीच्या अलीकडे ठेवा." तीन लॉन्सच्या मॅनेजरांनी तर आता बुकिंगच्या कागदावरच हे लिहून टाकलंय.

ऑगस्टमध्ये शेजारच्या मक्यावर फवारणीचा ड्रोन आला तेव्हा दिवसभर सायरन. मी बांधावर गेलो, काकांशी चहा घेतला, फवारणीवाल्याचा नंबर घेतला आणि त्याचा ड्रोन ओळखीच्या यादीत टाकला. आता तो उडाला की स्क्रीनवर हिरवा ठिपका येतो, सायरन गप्प. ही यादी मात्र तुम्हालाच सांभाळायची आहे. विकणारा येऊन ते करत नाही.

एक गोष्ट खरेदीआधी कोणी सांगितली नाही. दोन सेन्सर आपापली दिशा देतात आणि दोन रेषा जिथे कापतात तिथे ड्रोन. पण ड्रोन दोन खांबांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर आला की रेषा एकमेकींवर पडतात, कापतच नाहीत. मग ठिपका गेटवरून कँटीनवर आणि कँटीनवरून वर्कशॉपवर घसरत राहतो. शिवाय दिशेत तीन अंशांची चूक झाली तर एक किलोमीटरवर पन्नास मीटरचा फरक पडतो. तिसरा सेन्सर घ्या म्हणतात. आम्ही पैसे घातले नाहीत, दुसरा खांब उचलून पाण्याच्या टाकीपलीकडे उभा केला. आता ती रेषा पार्किंगवरून जाते, टाक्यांवरून नाही. लावण्याआधी नकाशावर पट्टी ठेवून बघा, फुकट काम आहे.

आता मी सहा महिन्यांनी कंपनीला पाठवलेल्या रागाच्या मेलबद्दल. डिसेंबरात पहाटे धुक्यात पहाऱ्याच्या मनोऱ्यावरच्या आमच्या वॉचमन मामांनी आवाज ऐकला. डोक्यावरून काहीतरी घोंघावत गेलं आणि स्क्रीन कोरी. मी लिहिलं, यंत्र परत घ्या. त्यांचा इंजिनिअर आला. शांत मुलगा. त्याने स्वतः जोडलेला एक ड्रोन आणला होता. मार्ग आधीच भरलेला, रिमोट बंद, व्हिडिओ बंद. आमच्या मैदानावर उडवला. दोघं स्क्रीनकडे बघत राहिलो. काही नाही. म्हणाला, "सर, जो बोलतच नाही त्याला हे ऐकणार कसं?" ऑप्टिकल फायबरची तार सोडत उडणाऱ्या ड्रोनचंही तेच. तेव्हा माझं मत बदललं. दोष यंत्राचा नव्हता, "प्रत्येक ड्रोन पकडतं" असं सांगून विकणाऱ्याचा होता.

यंत्र आल्यावर मनोऱ्यावरची एक पाळी कमी करायची, असं वर ठरत होतं. त्या दिवसानंतर मी ती फाइल थांबवली. मामांचा कान चाचणीत अडीचशे मीटरवरचा ड्रोन सांगतो. जोराचा वारा असला तर नाही, पण नाशिकच्या हिवाळी पहाटे हवा बहुतेक पडलेलीच असते. त्यांना बसायला खुर्ची, दुर्बीण आणि वॉकीटॉकी दिली. या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत स्वस्तात जमलेला भाग हाच.

पाडायचं काय, असं बरेच जण विचारतात. पाडायचं नाही. जॅमर सरकारी परवानगीशिवाय खाजगी माणसाला वापरता येत नाही, आणि टाक्यांवर ड्रोन पाडण्याचा विचारही कोणी करू नये. शिवाय आमच्या भिंतीवरचं आकाश आपोआप बंद होत नाही. 2021 च्या ड्रोन नियमांत, सरकारी ड्रोन नकाशावरच्या हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. म्हणून पोलीस विचारतात ते दुसरंच: ड्रोनला नोंदणी क्रमांक आहे का, किती उंचीवर होता, किती वाजता. जून 2021 मध्ये जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली गेली, तेव्हापासून कोणी हे हसण्यावारी नेत नाही. पण कागद लागतो, आणि कागदावर वेळ लागते.

आणि माझं सगळं घोडं अडतं ते तिथेच. पहाटे 4 वाजून 50 मिनिटांची नोंद रिपोर्टमध्ये आदल्या दिवशीच्या तारखेला, रात्री 11 वाजून 20 मिनिटांनी जाते. महिन्याचा गोषवारा काढला की पहिल्या तारखेची पहाट मागच्या महिन्यात पडते. ऑडिटवाल्यांनी मामांची नोंदवही आणि यंत्राची यादी शेजारी ठेवली आणि मामांनाच विचारलं, "तुम्ही झोपला होता का?" बत्तीस वर्षं रात्रपाळी केलेल्या माणसाला. मला ते सहन झालं नाही. या यंत्राला नॅनोसेकंदात वेळ मोजता येते आणि कागदावर साडेपाच तास मिळवता येत नाहीत?

मी सप्टेंबरपासून नऊ मेल केले. पहिलं उत्तर, "पुढच्या अपडेटमध्ये." दुसरं, "हे आंतरराष्ट्रीय मानक आहे." तिसऱ्या उत्तरात कोटेशन आलं, रिपोर्टचा नमुना बदलण्याचे वेगळे पैसे. जुलैच्या वादळात नेटवर्क स्विच जळला तेव्हा तुमचं अर्थिंग कच्चं म्हणाले. तपासलं, खरंच कच्चं होतं. आम्ही नवा खड्डा करून घेतला आणि त्यांचं बिल वेळेवर भरलं. आपली चूक आपण भरली. वेळेची चूक त्यांची आहे.

यंत्र घ्यावं का? भिंतीलगत लॉन्स किंवा वस्ती असेल तर घ्या, मी पुन्हा घेईन. घेताना लायब्ररीचं अपडेट किती वर्षं फुकट ते लेखी घ्या. आमचं एक वर्षच आहे, आणि ते संपल्यावर नवी मॉडेलं नुसती "अनोळखी" म्हणून दिसतील, उडवणाऱ्याच्या ठिपक्याशिवाय. आणि डेमोत स्क्रीन बघून खूश होऊ नका. एक रिपोर्ट छापून मागा, खिशातलं घड्याळ शेजारी ठेवा.

नूतनीकरण 14 जूनला आहे. करारावर पहिली अट मी हाताने लिहिली आहे: छापील रिपोर्टवर भारतीय प्रमाणवेळ, विनामूल्य. अजून उत्तर नाही. तोवर प्रत्येक रिपोर्टवर मामा निळ्या पेनाने खरी वेळ लिहितात, खाली सही करतात, आणि मी त्यावर शिक्का मारतो.