बाप्तिस्म्याचं कार्ड: बाळाला लिहावं की आई-वडिलांना?

वसईत किंवा गोव्यात ओळखीच्या घरी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देण्याचा विधी, असला की कार्ड विकत घेणं सोपं. आत काय लिहायचं, इथे हात अडतो. आधी ठरवा, लिहिताय कोणाला.

बाळाला लिहिलेलं कार्ड ते मोठं झाल्यावर वाचणार. म्हणून त्यात तारीख, चर्चचं नाव, बाळाचं ठेवलेलं नाव आणि तुमचं नातं हवंच. माझ्या मते हा मान धर्मपिता-धर्ममातेचा (गॉडफादर-गॉडमदरचा), फार तर आजी-आजोबांचा. कॅथलिक विधीत पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवतात आणि लेकराला श्रद्धेत वाढवायला आई-वडिलांना साथ देऊ, असं धर्मपालक सगळ्यांसमोर कबूल करतात. तेच कार्डात आपल्या शब्दांत यावं: "तुझ्या श्रद्धेच्या वाटेवर मी तुझ्या सोबत आहे."

शेजारी, ऑफिसातले सहकारी, दुसऱ्या धर्माचे मित्र यांनी मात्र आई-वडिलांनाच लिहावं. तीन-चार ओळी पुरतात: "तुमच्या आनंदात आम्हाला बोलावलंत, फार बरं वाटलं. बाळाला उदंड आयुष्य लाभो." आपली श्रद्धा नसेल तर 'प्रभू येशूच्या नावाने' असं उसनं लिहू नये. मनापासून दिलेला साधा आशीर्वाद त्या घराला जास्त भावतो.

बायबलमधलं वचन घालायचं तर मार्क 10:14 (लेकरांना माझ्याकडे येऊ द्या) किंवा गणना 6:24-26 (परमेश्वर तुला आशीर्वाद देवो) प्रसंगाला शोभतात. पण नुसतं वचन आणि खाली सही, हे छापील वाटतं. स्वतःची एक ओळ हवीच. वचन की आपले शब्द, असा पेच पडला तर मी आपले शब्दच निवडेन.

खरी काळजी घ्यायची ती विधीच्या नावाची. कॅथलिक आणि मेथडिस्ट तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करतात. बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळींत बाप्तिस्मा स्वतः विश्वास कबूल करणाऱ्याचाच होतो. तान्ह्या बाळाचं तिथे फक्त देवाला समर्पण करतात. 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात दोन्ही पद्धती चालतात. समर्पणाच्या कार्डावर 'बाप्तिस्म्याच्या शुभेच्छा' लिहिणं त्या घराला खटकेल, तेव्हा आमंत्रण नीट वाचा, नाहीतर सरळ विचारा. विचारल्याचा राग कोणी धरत नाही.

आहेराचं पाकीट वेगळं द्या. कार्डात नोटा घातल्या की मजकूर वाचायचा राहून जातो.