पाच पोरं, पाच सिनेमे: घरी कोणता लावायचा?

“पोरांसोबत बसून बघता येईल असा एखादा चांगला मराठी सिनेमा सांग ना.” सुट्ट्या लागल्या की हा मेसेज हमखास येतो, आणि विचारणाऱ्याची यादीही साधारण तीच असते: ‘एलिझाबेथ एकादशी’, ‘किल्ला’, ‘फँड्री’, ‘नाळ’ आणि अलीकडे ‘आत्मपॅम्फ्लेट’. पाचही सिनेमांच्या मधोमध एक शाळकरी पोरगा आहे, पाचही नावाजलेले आहेत आणि सगळे साधारण दोन तासांत आटपतात. त्यामुळे ‘मुलांचे सिनेमे’ म्हणून ते एकाच खणात पडतात. गेल्या महिन्याभरात पाचही पुन्हा ओळीने पाहिले. माझ्या मते खरोखर मुलांचा म्हणावा असा त्यातला एकच आहे. बाकीचे चार मोठ्यांचे आहेत, फक्त ते मुलाच्या उंचीवरून बघतात. हा फरक लक्षात न घेता सिनेमा लावला की पहिल्या वीस मिनिटांत पोरगं उठून फोन शोधायला जातं, किंवा मग रात्री अकराला असा प्रश्न विचारतं ज्याची आईबापांची काही तयारी नसते.

म्हणून प्रत्येकाला दोन गुण देतेय, दोन्ही पाचपैकी. एक सिनेमा म्हणून, दुसरा घरच्या बैठकीसाठी. दोन्ही आकडे फारसे जुळत नाहीत, आणि निवडताना उपयोग होणार आहे तो त्या तफावतीचाच.

दोन सायकली

‘एलिझाबेथ एकादशी’ आणि ‘किल्ला’ एकाच वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांतले, २०१४ सालासाठीच्या. ‘कोर्ट’ला सुवर्णकमळ मिळालं तेच वर्ष. ‘किल्ला’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, तर ‘एलिझाबेथ’ला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा पुरस्कार तमिळ ‘काक्का मुट्टई’सोबत विभागून मिळाला. वडील नसलेलं घर, एकटी आई, हुशार मुलगा आणि सायकल, एवढं दोन्हींत सारखं आहे. म्हणून पहिली तुलना यांचीच.

‘एलिझाबेथ’ पंढरपुरात घडतो. घरात आई, आजी, ज्ञानेश आणि धाकटी मुक्ता, जिला सगळे झेंडू म्हणतात. आई मशिनवर स्वेटर विणून घर चालवते. हप्ते थकतात, बँक मशिन उचलून नेते, आणि ते सोडवायला पाच हजार रुपये लागणार असतात. विकण्याजोगी वस्तू एकच, वडिलांनी मुलांसाठी बनवलेली सायकल. तिचंच नाव एलिझाबेथ. ती विकू द्यायची नाही असं पोरं ठरवतात आणि कार्तिकी एकादशीच्या गर्दीत बांगड्या विकायला बसतात.

घरच्या बैठकीला याहून सोपा सिनेमा नाही, आणि त्याचं कारण त्या पाच हजारांत आहे. आठ वर्षांच्या मुलालाही कळतं की काय मिळवायचंय, किती मिळालं आणि किती उरलं. गोष्ट कुठे थबकली तरी हिशोब चालू राहतो. मधुगंधा कुलकर्णींच्या लिखाणात पोरं पोरांसारखी बोलतात, म्हणजे तोंडात शिव्याही आहेत. ‘आमच्याकडे असं बोलत नाहीत’ असं म्हणणाऱ्या आज्यांना आधी कल्पना देऊन ठेवा. पोरं मात्र तिथेच सगळ्यात जास्त हसतात.

माझी कुरकूर एवढीच की इथली गरिबी फार नीटनेटकी आहे. आईचा स्वाभिमान खरा वाटतो, नंदिता धुरी तो डोळ्यांतून दाखवते. पण भोवतालच्या माणसांत खरा खडूस असा कुणी सापडतच नाही. दिग्दर्शक परेश मोकाशींना कुणाचं वाईट झालेलं बघवत नाही, त्यामुळे शेवट जरा जास्त गोड होतो. सिनेमा म्हणून साडेतीन. बैठकीसाठी पाचपैकी पाच.

‘किल्ला’तला चिन्मय अकरा वर्षांचा. वडील जाऊन फार दिवस झालेले नाहीत. आईची बदली होते आणि पुण्याचा मुलगा कोकणातल्या किनाऱ्यावरच्या गावी येऊन पडतो. इथे मिळवायचं काहीच नाही. नवी शाळा, बंड्यासारखे आगाऊ मित्र, पाऊस, समुद्र, खेकडे. गोष्ट पुढे सरकतेय की नाही हे पहिल्या अर्ध्या तासात कळतही नाही. दिग्दर्शक अविनाश अरुण मुळात छायालेखक, आणि या पहिल्या सिनेमाचा कॅमेराही त्यांचाच. त्यामुळे ओली कौलं, ढगाळ उजेड, रिकामा रस्ता यांना इथे संवादाइतकंच काम आहे.

आणि मग सायकलींची शर्यत येते. पोरं किल्ल्याकडे सायकली पिटाळतात, चिन्मय किल्ल्यात एकटा पडतो, पाऊस कोसळायला लागतो, आणि तो बाहेर येऊन बघतो तर मित्र निघून गेलेले. बस, एवढंच. कुणी मारलेलं नाही, कुणी चिडवलेलंही नाही. पण ज्याला लहानपणी एकदा तरी असं मागे सोडून दिलं गेलंय त्याच्या पोटात गोळा येतो. पुढचा कितीतरी वेळ चिन्मय मित्रांशी बोलत नाही, आणि सिनेमा त्याच्यावर बोलण्याची जबरदस्तीही करत नाही. ‘एलिझाबेथ’मध्ये सायकल वाचवायची असते, ‘किल्ला’त तिच्यावर बसून आपण किती एकटे आहोत ते कळतं. पहिली बघताना पोरं पुढे सरकून बसतात, दुसरी बघताना मोठी माणसं गप्प होतात.

अमृता सुभाषची आई तर खास मोठ्यांसाठीच आहे. ऑफिसात कागदपत्रांवरून दबाव, घरी न बोलणारा मुलगा, आणि स्वतःच्या दुःखाला दिवसभरात जागाच नाही. मुलांना ती नुसती रागावणारी आई वाटेल. तसं वाटू द्या.

आता कुणी म्हणेल, बर्लिन महोत्सवात २०१४ साली ‘किल्ला’ला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला तो मुलांच्याच परीक्षकमंडळाने, मग तो मुलांचा नाही असं कसं म्हणता? मुद्दा बरोबर आहे. पण ती मुलं अंधाऱ्या थिएटरात, मोठ्या पडद्यासमोर बसली होती. दिवाणखान्यात, कुकरच्या शिट्ट्यांत या सिनेमातली शांतता टिकत नाही. सिनेमा म्हणून साडेचार. बैठकीसाठी तीन, पण वाचनाचा नाद असलेलं, जरा एकलकोंडं मूल घरात असेल तर त्याच्यासाठी सरळ पाच. बदलीच्या नोकरीमुळे शाळा बदललेलं मूल असेल तर इतर चार सिनेमांचा विचारही करू नका.

‘फँड्री’ कधी दाखवायचा

या यादीतला सगळ्यात मोठा सिनेमा हाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि सगळ्यात जास्त चुकीच्या वयात दाखवला जातो तोही हाच, कारण वर्णन ऐकलं तर गोष्ट गोड वाटते. जब्याला वर्गातली शालू आवडते. काळी चिमणी धरून, जाळून तिची राख शालूवर टाकली की ती आपली होईल असं त्याच्या मनाने घेतलंय, म्हणून तो मित्राला घेऊन गलोल हातात रानोमाळ फिरतो. १४ फेब्रुवारी २०१४ ला तो प्रदर्शित झाला. तारखेवरूनही पुष्कळांना प्रेमकथाच वाटली असणार.

पण जब्या कैकाडी जातीचा आहे, आणि गावात डुक्कर धरायचं काम त्याच्या घराकडे आहे. त्याचा बाप, किशोर कदमचा कचरू, या कामाला नाही म्हणू शकत नाही, कारण पोरीचं लग्न तोंडावर आहे. जब्याला एवढंच हवंय की शालूने आपल्याला ते काम करताना बघू नये. सगळा सिनेमा या एका लपण्याभोवती आवळत जातो.

तिसरी सायकल इथे आहे. जीन्सच्या पँटसाठी पैसे हवेत म्हणून जब्या मागून आणलेल्या सायकलवर गारीगार विकायला जातो, आणि सायकल ट्रकखाली जाते. ‘एलिझाबेथ’ नुकताच पाहिला असेल तर हा प्रसंग जास्त लागतो. तिथे पोरांच्या मेहनतीला यश येईल याची आपल्याला आतून खात्री असते. इथे मेहनतीचा काही संबंधच उरत नाही.

जत्रेतला प्रसंगही बघा. जब्या नवे कपडे घालून, शालूच्या नजरेत यावं म्हणून नाचतोय, आणि बाप गर्दीतून त्याला हाक मारून डोक्यावर बत्ती धरायला लावतो. नाचणाऱ्यांमधून उजेड धरणाऱ्यांत जायला त्याला काही पावलंच टाकावी लागतात. सोमनाथ अवघडेच्या चेहऱ्यावर जे होतं त्यासाठी संवाद लागत नाही. बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला याच भूमिकेसाठी मिळाला.

आणि शाळेशेजारची ती डुकराची धरपकड. अख्खं कुटुंब डुकरामागे धावतंय, गाव मजा बघतंय, मोबाइलवर फोटो निघताहेत, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर समोर आहे, हाताच्या अंतरावर. ते मात्र उभं राहत नाही. थिएटरात या प्रसंगाला लोक आधी हसतात. घरी पोरं हसली तर त्यांना दटावू नका. दिग्दर्शक नागराज मंजुळेंना आधी ते हसू हवंच आहे, पुढच्या दहा मिनिटांत ते घशात अडकतं. शेवट इथे लिहीत नाही, ज्यांना माहीत नाही अशी माणसं अजून आहेत.

कितव्या वर्षी दाखवायचा? माझं मत, आठवीच्या आधी नको. डुकराचा प्रसंग लांबलचक आहे आणि शिवीगाळही बरीच आहे, पण खरं कारण ते नाही. जात म्हणजे काय हे घरात आधी बोललेलं नसेल तर मूल हा सिनेमा ‘बिचारा मुलगा’ एवढ्यावर बघून मोकळं होईल, आणि मोठेही सुटकेचा श्वास सोडून जेवायला उठतील. नंतर तासभर बोलायची तयारी असेल तरच लावा. सिनेमा म्हणून पाच. बैठकीसाठी दोन किंवा पाच. मधलं काही नाही, सगळं तुमच्यावर आहे.

‘नाळ’: आधी घरात विचारून घ्या

सुधाकर रेड्डी यंकट्टींचा हा २०१७ चा सिनेमा वऱ्हाडातला आहे, नदीकाठच्या गावचा. आठ वर्षांच्या चैत्याला मामाकडून कळतं की आपली आई आपली सख्खी आई नाही. त्यानंतर तो आईचं प्रत्येक रागावणं नव्या नजरेने मोजायला लागतो. श्रीनिवास पोकळे हा पोरगा पडद्यावर आहे तोवर दुसरीकडे लक्ष जात नाही. आईच्या भूमिकेतली देविका दफ्तरदारही तितकीच चांगली, फक्त तिचं काम नंतर आठवत राहतं.

यातला म्हशीचा भाग मला सगळ्यात आवडला. म्हशीचं पारडू मरतं आणि ती दूध देईनाशी होते, तेव्हा पेंढा भरलेलं पारडू तिच्यापुढे ठेवतात. चैत्या हे सगळं बघतोय. दिग्दर्शक त्यावर एक शब्द बोलत नाही. दुर्दैवाने बाकी ठिकाणी इतका संयम नाही. निसर्गदृश्यं जास्त देखणी झालीत, आणि मधला भाग वीसेक मिनिटांनी कमी चालला असता. सिनेमा म्हणून साडेतीन, बैठकीसाठी चार.

मात्र एक अट आहे. घरात किंवा नात्यात दत्तक मूल असेल, तर आधी मोठ्यांनी एकट्याने बघा. कदाचित त्या मुलासोबत बघायला यापेक्षा चांगला सिनेमा मिळणार नाही, कदाचित अजिबात नको असेल. हे ठरवणं बाहेरच्या कुणाचं काम नाही.

‘आत्मपॅम्फ्लेट’बद्दल थोडक्यात

आशिष बेंडेंचं दिग्दर्शन, परेश मोकाशींचं लेखन, साल २०२३. शाळेतल्या एकतर्फी प्रेमाची गोष्ट सांगता सांगता ऐंशी-नव्वदच्या दशकातलं राजकारण, जात आणि धर्म सगळं मध्ये येऊन जातं, तेही हसवत. निवेदन इतकं सुसाट आहे की पहिल्यांदा बघताना निम्मे विनोद निसटतात. ‘फँड्री’ जिथे आवंढा गिळायला लावतो तिथे हा डोळा मारतो. जातीबद्दल पोरांशी बोलायला सुरुवात कुठून करायची हा प्रश्न असेल तर आधी हा आणि महिन्याभराने ‘फँड्री’ असा क्रम चांगला. बर्लिनने ‘किल्ला’ लहानांच्या विभागात घेतला होता आणि हा चौदा वर्षांवरच्यांच्या. तो आकडा आपणही पाळावा. त्याहून लहानांना बाबरी, मंडल हे संदर्भ नुसते शब्द वाटतात आणि ती कंटाळतात. सिनेमा म्हणून चार, नववी-दहावीच्या पोरांसोबत साडेचार, लहानांसोबत दोन.

मग लावायचा कोणता?

आजी, आईबाबा आणि सात ते बारा वयाची दोन-तीन मुलं अशी भरगच्च बैठक असेल तर ‘एलिझाबेथ एकादशी’, डोळे मिटून. एकच मूल आणि निवांत दुपार असेल तर ‘किल्ला’, आणि तो टीव्हीवरच. फोनवर बघितला तर उरतं फक्त कथानक, ते दहा ओळींचं आहे. पोरं झोपल्यावर नवरा-बायकोंनी बघायचा असेल तर परत ‘किल्ला’, किंवा ‘फँड्री’ राहून गेला असेल तर आधी तो. घरात दहावीची पोरगी असेल आणि ती ‘मराठी सिनेमे रडके असतात’ म्हणत असेल, तर ‘आत्मपॅम्फ्लेट’.

कुठल्या ॲपवर काय आहे हे लिहीत नाही, ती यादी दर काही महिन्यांनी बदलते. भाषेचं मात्र सांगते. परदेशात वाढलेल्या मुलांना ‘किल्ला’ सगळ्यात सोपा जाईल, कारण चिन्मय आणि त्याची आई पुण्याचं मराठी बोलतात आणि पुष्कळ वेळ कुणी बोलतच नाही. ‘फँड्री’ आणि ‘नाळ’ला सबटायटल्स लावाच. ‘नाळ’मधली वऱ्हाडी पुण्या-मुंबईच्या मोठ्यांनाही पहिली दहा मिनिटं झेपत नाही. “काय म्हणाला?” असं दर वाक्याला विचारत, मागे नेऊन परत बघण्यापेक्षा खाली अक्षरं दिसलेली बरी.