दाजी, बिलाचं काय घेऊन बसलात!

औसा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. गेली अठरा वर्षं दर मृगाला मी एकच पाढा म्हणतो. सोयाबीनच्या बियाण्याचं पक्कं बिल घ्या, पिशवी आणि टॅग फेकू नका, मूठभर बियाणं बाजूला काढून ठेवा. उगवलं नाही तर तक्रारीला तेवढंच कामाला येतं. आणि ह्याच शहाण्या माणसाने १,६४,००० रुपये बिलाशिवाय एका पाव्हण्याला देऊन टाकले. हसा खुशाल. पण घरच्यांसाठी क्रूझचं बुकिंग कुणा ओळखीच्या माणसाकरवी केलं असेल, तर हसून झाल्यावर पुढचं वाचा.

पाव्हणा म्हणजे बायकोच्या माहेरच्या भावकीतला. लातूरला सहलींच्या बुकिंगचं काम करतो. मला दाजी म्हणतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण सगळी गोम त्या 'दाजी'त आहे. जो माणूस आपल्याला दाजी म्हणतो त्याच्याकडे कागद मागायचा म्हणजे सासुरवाडीवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मुलगा बारावीतून सुटला होता, आईनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पाव्हण्यानं बरोबर त्याच वेळी जहाजाचे फोटो पाठवले. मुंबई–गोवा–मुंबई, तीन रात्री, समुद्राकडं बाल्कनी असलेल्या दोन खोल्या, गोव्यात एक दिवस गाडीनं फिरणं, पोर्टचे चार्जेस, टिपा. "सगळं आलं त्यात."

मी बिल मागितलं, नाही असं नाही.

"दाजी, बिलाचं काय घेऊन बसलात! पक्कं केलं की जीएसटी लागतो. घरचं माणूस म्हणून वाचवायलोय तुमचे."

हेच वाक्य मी गिऱ्हाइकांच्या तोंडून दर आठवड्याला ऐकतो आणि दर आठवड्याला नाही म्हणतो. त्या दिवशी हो म्हणालो. क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर जहाज कंपनीचं नाव नव्हतं, पाव्हण्याच्या बायकोचं होतं. ते मी वाचलंसुद्धा. वाचून पिन टाकला.

नंतर त्यानं चौघांच्या आधारचे फोटो मागवले. "वेब चेक-इन मीच करतो, तुम्हाला कशाला डोकेदुखी?" ही डोकेदुखी आपणच घ्यायची असते. चेक-इन करणाऱ्याला आपलं बुकिंग उघडून दिसतं : खोली कुठली, किती माणसं, किती पैसे भरले. त्यानं बुकिंगला मोबाइल स्वतःचा घातला आणि ईमेलही स्वतःचा. कंपनीचे सगळे निरोप त्याला जायचे, त्यातलं काय पुढं पाठवायचं ते तो ठरवायचा. मला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली. तिच्यावर बुकिंग नंबर होता, जहाजाचं चित्र होतं. एवढं बघून मी निवांत झालो.

लातूर–मुंबई एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो. तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाजाचा धक्का, टॅक्सीनं पाच-दहा मिनिटांवर. आत मूळ आधार कार्ड तपासतात, बॅगा मशीनमधून जातात. आईच्या धपाट्यांचा डबा तिथंच अडकला, बाहेरचं खाणं चालत नाही म्हणे. हेही पाव्हण्यानं सांगितलेलं नव्हतं. आई त्या डब्याकडं मागं वळून वळून बघत होती. काउंटरवर चार कार्डं हातात आली. जहाजावर हेच कार्ड खोलीची किल्ली आणि हेच पाकीट, रोख कुठंच चालत नाही. चारही कार्डांवर खोलीचा नंबर एकच. मी म्हणालो, आमच्या दोन आहेत. काउंटरवरची बाई म्हणाली, एकच दिसतेय सर. मागं रांग वाढली होती. म्हटलं वर गेल्यावर बघू.

वर गेलो. दार उघडलं तर खाली दोन पलंग चिकटवून ठेवलेले आणि वर छताला दोन फळ्या मिटवलेल्या, त्या रात्री उघडून शिडी लावायची. समोरच्या भिंतीला छान पडदा होता. मुलानं उत्साहानं ओढला. मागं भिंतच.

आई पलंगाच्या कडेवर टेकली. "खिडकी कुठंय रे ह्याला? बळदात कोंडल्यावाणी वाटायलंय."

पाव्हण्याला फोन लावला. लगेच उचलला, बिचारा. "दाजी, ती टेम्पररी खोली असतेय. जहाज सुटलं की अपग्रेड करतेत. रिसेप्शनला माझं नाव सांगा फक्त."

रिसेप्शनच्या रांगेत उभा राहिलो. माझा नंबर यायला आला आणि भोंगा झाला, सात छोटे आणि एक लांब. संकटकाळी जमायच्या जागेवर जाऊन हजेरी द्यायची, ही कवायत कुणालाच चुकत नाही. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं तेव्हा नव्या प्रवाशांची कवायत व्हायची बाकी होती, ३२ माणसं गेली. तेव्हापासून जहाज सुटायच्या आत किंवा सुटल्या सुटल्या ती घेतलीच पाहिजे असा नियम झाला. कवायत योग्यच आहे, पण माझा पाऊण तास गेला. परत रांगेत आलो तोवर धक्का सुटला होता. पाव्हण्याला दोनदा रिंग गेली, उचलला नाही. तिसऱ्यांदा लावायला गेलो तर फोनला रेंजच नव्हती. इथं एक सांगून ठेवतो. किनारा लांब गेला की फोन विमान मोडवर टाका, नाहीतर तो जहाजावरचं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल वेगळं लागतं.

रिसेप्शनवरच्या मुलीनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. खोली एक, खिडकीविना, चार माणसं, भरलेले ८८,४०० रुपये. गोव्याची सहल घेतलेली नाही. टिपेची रक्कम बाकी, ती कार्डाच्या खात्यावर पडेल. बाल्कनीच्या खोल्या भरलेल्या. अपग्रेड असं काही आपोआप होत नसतं, पैसे भरून आणि जागा असली तरच होतं.

मी मोबाइलवरची पीडीएफ तिच्यासमोर धरली. बुकिंग नंबर तोच, नावं तीच, तारीख तीच. ती काही बोलली नाही, फक्त दोन बोटांनी चित्र मोठं केलं. 'बाल्कनी' हा शब्द बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड होता आणि ओळीपासून केसभर खाली घसरला होता. रकमेच्या मागं पांढरा चौकोन होता, बाकी कागद फिकट निळसर. घरी महिनाभर ही फाइल मी दहा लोकांना दाखवली होती. बियाण्याच्या बनावट टॅगवर छपाई कशी फुटते ते मी शेतकऱ्यांना नखानं दाखवतो.

मी तिच्याकडे बुकिंगचा कागद मागितला. ती म्हणाली, नोंदवलेल्या ईमेलवर पाठवता येईल. नोंदवलेला ईमेल कुणाचा? पाव्हण्याचा. मग माझं आधार बघून, माझ्या हातचा अर्ज लिहून घेऊन तिनं मोबाइल आणि ईमेल बदलला आणि एक प्रत छापूनही दिली. त्या मुलीचे उपकार आहेत. पुढं जे काही झालं ते त्या एका कागदावर झालं.

तोवर मुलानं खोलीतल्या छोट्या फ्रिजमधलं थंड पिऊन टाकलं होतं. त्याचेही पैसे लागले, ते सोडा.

संध्याकाळी सगळे वरच्या डेकवर गेलो. बायको माझ्याशी बोलत नव्हती. माहेरचा विषय होता, तिलाही तोंड नव्हतं. आई कठड्याला धरून उभी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ती माझ्या बहिणीकडं लातूरला होती, घागरी घेऊन रांगेत उभी राहिली होती. बराच वेळ बघून म्हणाली, "एवढं पाणी, अन् एक घोट प्यायचं नाही." मग, "किती घातले रे त्याला?" मी खोटा आकडा सांगितला.

परत आल्यावर पाव्हणा आधी हसला, मग चिडला, मग "कंपनीनंच फसवलं" म्हणाला. छापील कागद पुढं ठेवल्यावर गप्प झाला. बनावट कागद दाखवून पैसे उकळणं म्हणजे सरळ फौजदारी गुन्हा. पण बायकोच्या काकांनी मध्ये पडून पोलिसांत जाऊ दिलं नाही. ते बरोबर की चूक, यावर घरात अजून वाद आहे. मी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. वकिलाकडून नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही भरता येते, मुदत दोन वर्षांची. हे मला आधी माहीत नव्हतं. पैसे अगदी अनोळखी माणसाला गेले असतील तर मात्र आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तोही त्याच तासात.

तुमचं बुकिंग अजून व्हायचं असेल तर पैसे कंपनीच्याच लिंकवर भरा. झालेलं असेल तर आजच्या आज कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर शोधून फोन लावा, बुकिंग नंबर सांगा आणि विचारा : खोली कुठली, रक्कम किती जमा, मोबाइल कुणाचा. मोबाइल तुमचा नसला तर फोन ठेवायच्या आत बदलून घ्या. माझा नंबर असता तर जहाज सुटायच्या पंधरा दिवस आधीच सगळं उघडं पडलं असतं.

हिशेब असा. दिले १,६४,०००. कंपनीत पोचले ८८,४००. मध्ये राहिले ७५,६००. नोटिशीनंतर तीन हप्त्यांत ४५,००० परत आले. तिन्ही वेळा बायकोच्या काकांच्या हातून, रोख, पाकिटात. दर वेळी मी पावती लिहून सही करून दिली. काका म्हणाले, "जावईबापू, घरात कशाला पावती?" उरलेल्या ३०,६०० साठी आयोगात तक्रार टाकली आहे.