मायक्रोबिट व्ही २: मुलांच्या दप्तरातून घरी जाऊ द्या

तासगावजवळच्या एका शाळेत मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. शाळेसाठी मायक्रोबिटचे, म्हणजे मुलांना प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डचे, काही संच घेतले. वर्षभर मुलांच्या हातात बघितल्यावर हे लिहितेय.

बोर्ड अगदी छोटा, ४ बाय ५ सेंटिमीटर. पुढे २५ लाल एलईडी आणि दोन बटणं. शिवाय हालचाल आणि दिशा ओळखणारे सेन्सर. २०२० मध्ये आलेल्या व्ही २ या दुसऱ्या आवृत्तीला माइक आणि स्पीकरही आहे, म्हणून नवा घेणाऱ्यांनी तोच घ्यावा. मेककोड या वेबसाइटवर पडद्यावरचे ठोकळे जोडून प्रोग्राम करायचा आणि केबल लावून बोर्डवर पाठवायचा. पुढे पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतही लिहिता येतं. केबल मात्र डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही.

आमच्याकडे खरी मजा आली ती मातीचा ओलावा मोजताना. मातीत दोन खिळे रोवायचे, एकाची वायर बोर्डच्या खालच्या कडेच्या पिन ० ला, दुसऱ्याची ३ व्होल्टला. माती जितकी ओली तितका आकडा मोठा, जास्तीत जास्त १०२३. आठवीतली एक मुलगी हे घेऊन घरच्या द्राक्षबागेत गेली. ठिबकच्या तोटीखाली आणि दोन वेलींच्या मध्ये मोजून आकडे वहीत उतरवून आणले. मग माती वाफशावर असताना येणारा आकडा धरून, त्याच्या खाली गेलं की स्पीकर वाजेल असा प्रोग्राम तिने स्वतः केला. ‘जर-तर’ची अट तिला मला वेगळी शिकवावी लागली नाही. खिळ्यांतून वीज सतत चालू ठेवली तर ते गंजतात आणि आकडे बिघडतात, एवढं सांभाळा.

उणिवाही आहेत. मोठा आकडा एकेक अंक सरकत येतो आणि भर उन्हात एलईडी नीट दिसत नाहीत. देवनागरी अक्षरं आपोआप उमटत नाहीत, एकेक ठिपका लावून काढावी लागतात. ‘ग’ जमतो, ‘ज्ञ’ काही केल्या बसत नाही. तापमान प्रोसेसरच्या चिपवरचं असल्याने हवेपेक्षा थोडं जास्त दाखवतं.

२०१६ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीने अकरा-बारा वर्षांच्या मुलांना हे बोर्ड फुकट वाटले, सुमारे १० लाख. ते मुलांच्या मालकीचे झाले, शाळेच्या नव्हे. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आपल्याकडे असं साहित्य कुलूपबंद कपाटात जातं आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतं. आम्ही रजिस्टरवर सही घेऊन शनिवारी बोर्ड घरी देतो, सोमवारी परत घेतो. म्हणून संच घेताना बॅटरीचा डबा असलेलाच मागा. बहुतेक मुलांच्या घरी कॉम्प्युटर नाही, पण दोन बारीक पेन्सिल सेल (AAA) घातले की शाळेत केलेला प्रोग्राम शेतातही चालतो.